एका पानात मावेल तेवढं

जुलै लागला तशा होल्झर शेतकऱ्याच्या काकड्या एकदम सुटल्या. सकाळी बोटाएवढी असलेली काकडी दुसऱ्या दिवशी मनगटाएवढी व्हायची, आणि मनगटाएवढी काकडी लोणच्याच्या बरणीत जात नाही, म्हणून तिला कुत्रंही विचारत नाही. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या खाली, डोनाउ नदीच्या काठच्या त्या सपाट मुलखात ह्या दिवसांत कुणालाच मान वर करायला सवड नसते. सवड होती ती फक्त पद्माकर साळुंखेला.

पद्माकर होल्झरच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. संगं बायको नंदिनी आणि बारा वर्षांची स्वानंदी. गडी मूळचा कराडकडचा, मेकॅनिकल इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत म्हणून इकडं आला. मग मोटारींचा धंदा बसला, कंपनीनं अख्खा विभाग बंद केला आणि त्याच्या हातात कागद ठेवला. कायमचं राहायचा परवाना त्याला केव्हाच मिळाला असता. त्यासाठी भाषेची एक सोपी परीक्षा तेवढी द्यायची होती, आणि ती त्यानं दोनदा पुढं ढकलली होती. होईल की निवांत, म्हणायचा. आता परदेशी लोकांच्या ऑफिसानं त्याला सप्टेंबर अखेरची मुदत दिली होती. तोवर नवी नोकरी, नाहीतर तिघांनी सामान बांधायचं.

पोरगीला हे नीट कळलं होतं. पुढच्या वर्षीच्या शाळेच्या सहलीचा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

पद्माकर पत्रं लिहायचा. इथं नोकरीच्या अर्जासोबत नुसता बायोडाटा चालत नाही, एक पानाचं पत्र लागतं. आनश्राइबेन म्हणतात त्याला. पद्माकरनं एक पत्र मेहनतीनं तयार केलं होतं. त्यात तो एका कष्टाळू शेतकरी कुटुंबातला होता, आपल्या नामांकित कंपनीत सेवेची संधी मिळाली तर तो तिचं सोनं करणार होता, आणि शेवटी त्यानं नम्र विनंतीही केली होती. कंपनीचं नाव बदलायचं आणि पाठवायचं. उत्तरं यायची ती सगळी एकाच साच्यातली, ‘लायडर’ ह्या शब्दानं सुरू होणारी. लायडर म्हणजे दुर्दैवानं. त्याच्या पुढचं वाचायची गरज पडत नसे.

जूनमध्येच नंदिनी म्हणाली होती, “मी होल्झरबाबांकडं विचारलंय. काकडीवर घेतील मला.”

“काय विचारलंस?”

“काम. मला परवानगी आहे ना कसलंही काम करायची? तुझ्या परवान्याच्या कार्डावर तुझं अडकलंय, माझं नाही.”

“नंदे, तू बी.ई. आहेस.”

“कुठल्या ट्रंकेत आहे ते बी.ई., आठवतंय का तुला? मला आठवत नाही.”

ती हसत बोलली, म्हणून पद्माकरही हसला. खरं तर त्यानं तेव्हाच ती ट्रंक उघडायला हवी होती. तिची डिग्री इथं मान्य करून घेण्याचे कागद तीन वर्षांत त्यानं एकदाही भरले नव्हते. त्याचं आधी, मग तिचं, असं ठरलं होतं. आणि त्याचं आधी कधी संपतच नसतं.

होल्झरकडं काकडी तोडायचं एक यंत्र होतं, गुर्केनफ्लीगर. म्हणजे काकडीचं विमान. नाव विमान, उडायचं जमिनीपासून हातभर. मधे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना लांबच लांब पंख आणि पंखांवर गाद्या. त्या गाद्यांवर माणसं ओळीनं पालथी झोपतात, डोकी पुढं लोंबती, हात खाली वेलात. ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीनं सरकतो. माणसं पानं सारून बारक्या काकड्या तोडतात आणि नाकासमोरून जाणाऱ्या पट्ट्यावर टाकतात. सगळी माणसं रोमेनियाहून हंगामापुरती आलेली. त्यांच्यात एक कराडची सून.

“झोपून तर काम आहे,” पहिल्या सकाळी नंदिनी म्हणाली. “तुझ्या आईला सांगू नकोस. म्हणतील, बघा, जर्मनीत जाऊनसुद्धा हिला झोपायचंच काम मिळालं.”

संध्याकाळी ती जिना चढून वर आली ती कठड्याला धरून. छाती आणि पोट गादीवर दाबून दाबून बधिर झालेलं, कोपरं सोललेली, बोटांत काकडीची बारीक कुसं. मान तर वर होईना. ताटावर बसली तेव्हा तिनं डावा हात कपाळाला लावून डोकं धरलं आणि उजव्या हातानं जेवली. पद्माकरनं तेल कोमट करून तिची मान चोळली. मानेच्या मागं दोन दोऱ्या ताणून बांधल्यासारख्या लागत होत्या.

“उद्या जाऊ नकोस,” तो म्हणाला.

“जरा डावीकडं चोळ,” ती म्हणाली.

त्याचं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीतून शेत दिसायचं. हिरव्या सपाटीवरून ते विमान सरकायचं आणि पत्र लिहिता लिहिता त्याची नजर तिकडं जायची. कुठलं डोकं नंदिनीचं ते लांबून ओळखू यायचं, कारण बाकीच्यांच्या टोप्या होत्या आणि तिनं जुनी लाल ओढणी बांधलेली असायची. चार दिवसांनी पद्माकरनं टेबल भिंतीकडं वळवलं. स्वानंदीनं विचारलं तर म्हणाला, ऊन येतं डोळ्यावर.

दुपारी तो खाली कचरा टाकायला गेला की होल्झर हमखास अंगणात भेटायचा. साठी उलटलेला, पोट सुटलेला, तोंडाळ माणूस. “काय, हेर इंजेनिअर,” तो म्हणायचा, म्हणजे इंजिनिअरसाहेब, “आज किती पत्रं?” त्यात खोच नव्हती, थट्टाच होती. कधी कधी बिअरची बाटलीही पुढं करायचा. पण पद्माकरला ते जिव्हारी लागायचं.

मानेचं दुखणं सगळ्यांनाच होतं. नंदिनीच्या शेजारी योआना नावाची एक ठेंगणी रोमेनियन बाई असायची, ती दर फेरीच्या शेवटी खाली उतरून दोन्ही हातांनी आपलं डोकं उचलायची, जसं काही ते दुसऱ्याचं आहे. एका रविवारी नंदिनी उठली आणि सरळ होल्झरच्या शेडमध्ये गेली. पद्माकर मागोमाग गेला. ती लाकडी बाकावर पालथी झोपून डोकं बाहेर लोंबकळत ठेवून बघत होती.

“काय चाललंय?”

“भोसरीत आम्ही काय करायचो?” तिनं झोपूनच विचारलं. लग्नाआधी आणि नंतर स्वानंदी होईपर्यंत ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होती. तिथं फिक्श्चर करायचे, म्हणजे यंत्रावर काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणारी चौकट. “पार्ट नीट धरला की हत्यार नीट चालतं. इथं छाती धरलीय, पाय धरलेत, डोकं कुणी धरलेलंच नाही. ते बिचारं मान धरून बसलंय दिवसभर.”

होल्झरच्या मोडक्या गाडीचे सीटबेल्ट तिनं मागून घेतले. आपली एक मऊसूत जुनी सुती साडी फाडून त्यावर गुंडाळली. पंखाच्या दांडीला दोन उभ्या लोखंडी पट्ट्या लावायच्या, त्यांना भोकं, भोकांत खीळ आणि खिळीला तो पट्टा. कपाळ त्या पट्ट्यात ठेवायचं, झोळीत ठेवल्यासारखं. ज्याची जशी उंची तशी खीळ वरखाली. खडूनं तिनं भोकांच्या खुणा करून दिल्या.

ड्रिल पद्माकरनं धरलं. “ही अंतरं सारखी नाहीत,” तो म्हणाला.

“नाहीतच. तू पाड.”

त्यानं पाडली. का ते विचारलं नाही. मशीनचा आवाज होता, लोखंडाचा कीस उडत होता, आणि कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी काम करतोय म्हणून त्याला बरं वाटत होतं.

सोमवारी नंदिनी आणि योआना दोघींच्या जागी पट्टे लागले. आठवडा संपायच्या आत सगळा पंख मागणीला उभा राहिला. योआनानं नंदिनीचं भर शेतात चुंबन घेतलं. होल्झरनं एकदा स्वतः पालथं झोपून बघितलं, उतरताना त्याला दोघांनी धरावं लागलं, पण म्हणाला, “पास्ट.” म्हणजे जमतंय. तिकडच्या शेतकऱ्याच्या तोंडून ह्यापेक्षा मोठी शाबासकी निघत नाही. त्या संध्याकाळी नंदिनी दोन्ही हात मोकळे ठेवून जेवली.

ऑगस्टात रोजगार ऑफिसातल्या केलनरबाईनं, फ्राऊ केलनरनं, पद्माकरला बोलावलं. तिनं त्याचं पत्र समोर ठेवलं होतं. वाचताना ती चष्मा काढायची, पुसायची, परत लावायची.

“हेर सालुंके, हे पत्र कुणाचं आहे?”

“माझं.”

“मला ह्यात कुणी दिसत नाही. हे कुणाचंही असू शकतं. आणि इथे, शेवटी, तुम्ही हात पसरताय. नोकरी मागताना हात पसरायचे नसतात.”

नम्र विनंतीला ही बाई भीक म्हणत होती. आमच्याकडं अशी पद्धत आहे, असं तो सांगणार होता, पण त्याला त्याचं जर्मन सुचेना.

“एकच प्रसंग लिहा,” ती म्हणाली. “तुमच्या समोर काय अडचण होती, तुम्ही काय केलंत, त्यानं काय बदललं. आणि त्या कंपनीला त्याचा काय उपयोग. एक पान. दुसऱ्या पानावर गेलात तर कुणी वाचणार नाही.” मग फाइल मिटताना तिनं सहज विचारलं, “तुमच्या पत्नी? त्या काय शिकल्यात?”

“ती घरी असते,” पद्माकर म्हणाला.

त्या घटकेला नंदिनी पंखावर पालथी होती. बसमध्ये बसल्यावर त्याला आपलं उत्तर आठवलं आणि त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

फ्राऊ केलनरनं दिलेल्या जाहिरातींत एक लांडाऊकडच्या कंपनीची होती. भाजी काढायची यंत्रं बनवणारी, फार मोठी नाही. त्यांना डिझाइनला इंजिनिअर हवा होता. जाहिरात वाचताना पद्माकरच्या डोळ्यासमोर काय आलं हे सांगायला नको. त्यानं लिहायला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पत्र झरझर उतरलं. पालथी माणसं, लोंबती डोकी, संध्याकाळी न उठणारी मान, बाकावर झोपून बघणं, सीटबेल्ट, भोकं, खीळ. माझ्या पत्नीनं, जी स्वतः फिक्श्चर डिझाइन करायची, ही कल्पना काढली आणि आम्ही दोघांनी मिळून ती उभी केली, असं त्यानं लिहिलं. जसंच्या तसं लिहिलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

पत्र दुसऱ्या पानावर गेलं. दोनच ओळी, पण गेल्या.

त्यानं अक्षर बारीक केलं, तर वाचवेना. समास कमी केला, तर कोंबल्यासारखं दिसायला लागलं. मग तो ओळीओळीनं कात्री लावत गेला. कुठलं वाक्य काढलं तर गाडी अडत नाही? मान काढता येत नव्हती. पट्टा काढता येत नव्हता. ‘माझ्या पत्नीनं, जी स्वतः फिक्श्चर डिझाइन करायची’ एवढं काढलं आणि ‘आम्ही दोघांनी मिळून’ काढून सगळीकडं ‘मी’ घातलं, तर पत्र बरोबर एका पानात मावलं, खाली सहीला जागाही उरली. आणि वाचायला काय झोकात लागत होतं! एक माणूस, एक अडचण, एक तोड. भोकं तर मीच पाडली होती, असं तो मनाशी म्हणाला. तीन वेळा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याला आईची म्हण आठवली, आयत्या बिळावर नागोबा. त्यानं ती म्हण मनातून हाकलली. सप्टेंबर काही दूर नव्हता.

जर्मन तपासायला त्यानं स्वानंदीला बसवलं. पोरगी पेन्सिल चावत वाचत होती. घरात मराठी सगळी कळायची तिला, पण उत्तर द्यायची ते जर्मनमध्येच. एका जागी ती थांबली.

“आबर दास वार डोख मामा,” ती म्हणाली. पण हे तर आईनं केलं होतं.

“हो, पण पत्रात असंच लिहितात,” पद्माकर म्हणाला. “पत्र एकाच माणसाचं असतं ना. आणि जागा नाही.”

स्वानंदीनं त्याच्याकडं बघितलं. ती काही वाद घालणारी पोर नव्हती. “ओके,” म्हणाली आणि पुढच्या चुका दुरुस्त करत गेली. त्या ओळीला तिनं पेन्सिल लावली नाही. पद्माकरला वाटलं, हिनं भांडायला हवं होतं. आपण आज पोरीला काय शिकवलं ते त्याला पक्कं कळलं होतं, आणि तरी त्यानं पत्र पाठवलं.

ह्या वेळी लायडर आलं नाही. त्या कंपनीचा डिझाइनचा मुख्य ब्रांडल नावाचा माणूस होता, त्यानं मुलाखतीला बोलावलं. “तर, हेर सालुंके,” म्हणाला, “शेवटी एका पत्रात मला माणूस दिसला.” मुलाखत चांगली झाली. निघताना ब्रांडल म्हणाला, ते यंत्र चालताना बघायला आवडेल, गुरुवारी येतो शेतावर.

पद्माकर घरी आला तेव्हा नंदिनी बूट धूत होती. दोन दिवस वादळी पाऊस झाला होता आणि शेतात नुसता चिखल होता. चिखलातही विमान थांबत नाही, कारण काकडी थांबत नाही.

“लांडाऊवाले साहेब येणार आहेत गुरुवारी,” तो म्हणाला. “पट्टे बघायला.”

“आपले?” तिनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो पद्माकरनं कैक वर्षांत पाहिला नव्हता. “तू सांगितलंस त्यांना?”

“हो. पत्रात लिहिलंय.”

“आधी सांगायचंस की मला. किती मळलेत ते.” बूट तसाच टाकून ती उठली. “मी सांगू का त्यांना? खिळीचं वगैरे? माझं जर्मन जमेल तेवढं?”

“बघू,” पद्माकर म्हणाला.

बुधवारी तिनं सगळे पट्टे सोडवून आणले, साबणात भिजवले आणि गॅलरीत वाळत घातले. दोन-तीन जर्मन वाक्यं तिनं स्वानंदीकडून पाठ करून घेतली. ती म्हणत होती आणि पोरगी उच्चार सुधारत होती. पोरगीनं एकदाही बापाकडं बघितलं नाही. पद्माकर पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला, सांगायचंच म्हणून आला, आणि पाणी पिऊन परत गेला. चूक केली तेव्हा त्याला एवढं अवघड गेलं नव्हतं.

गुरुवारी ब्रांडल आला. उंच, हडकुळा, गाडीतून उतरून आधी रबरी बूट घातले. होल्झर ट्रॅक्टर थांबवून खाली आला. पंखावरची माणसं तशीच पालथी राहिली, थांबलं म्हणून कुणी उतरत नाही, परत चढायचा त्रास. नंदिनीनं कपाळ पट्ट्यातून काढलं आणि कोपरांवर उठली. लाल ओढणीखाली तोंडावर चिखल उडालेला होता, पण ती तयार होती. ओठ हलत होते, वाक्यं घोकत होती.

ब्रांडलनं वाकून पट्टा हाताळला, खीळ काढून बघितली, परत घातली. “साधं आहे,” तो म्हणाला. “साधं म्हणजे चांगलं. हेर सालुंके, हे तुम्हाला सुचलं कसं? पत्रात लिहिलंत, तुम्ही आधी बाकावर स्वतः झोपून बघितलंत.”

सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये बोलला तो. नंदिनीला कळेल इतकं स्वच्छ.

होल्झर पुढं झाला. “तुम्ही? छे, हे तर फ्राऊ सालुंकेनी—”

“माइन मान,” पंखावरून नंदिनी म्हणाली. माझा नवरा. “तो इंजिनिअर आहे. त्यानं केलंय.”

पाठ केलेल्या वाक्यांतलं हे वाक्य नव्हतं. होल्झरनं तिच्याकडं बघितलं, मग पद्माकरकडं. जाड बोटांनी त्यानं टोपी सारखी केली. “पास्ट,” तो म्हणाला, आणि ह्या वेळी ती शाबासकी नव्हती.

ब्रांडलचं लक्ष भोकांकडं होतं. “ही अंतरं सारखी का नाहीत? खाली जवळजवळ आहेत, वर लांब. मुद्दाम?”

पद्माकरला माहीत नव्हतं. ती भोकं त्यानं स्वतःच्या हातानं पाडली होती आणि त्याला माहीत नव्हतं. एक काकडी मालाच्या पट्ट्यावरून घरंगळून चिखलात पडली.

“अहो,” नंदिनी हळूच म्हणाली.

घरात ती त्याला अरे पद्मा म्हणायची. अहो म्हणायची ते सासूसमोर, पाहुण्यांत, चारचौघांत. इथं शेतात मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी ती अहो म्हणाली.

“अहो, त्यांना सांगा, बुटक्या माणसाचा हात आधीच कमी पोचतो. पट्टा बोटभर जरी वर राहिला तर वेलापर्यंत हात जात नाही. म्हणून खालची भोकं जवळजवळ. उंच माणसाला तेवढा फरक पडत नाही.”

पद्माकरनं ते जर्मनमध्ये सांगितलं.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ब्रांडल खूश होऊन म्हणाला. “आणि हनुवटीखाली पट्टा का नाही दिला? कपाळालाच का?”

“हनुवटीला दिला की जबडा आवळतो,” ती खाली काकड्यांकडं बघत म्हणाली. “दिवसभर दात आवळून माणूस काम करतो, मग रात्री डोकं उठतं. मी आधी तसा करून बघितला होता. तुम्ही झोपला होता तेव्हा.”

त्यानं शेवटचं वाक्य सोडून बाकीचं सांगितलं. तिनं सांगायचं, त्यानं आपलं म्हणून पुढं द्यायचं, असं बराच वेळ चाललं. ब्रांडलला वाटलं, बायको मधे मधे नवऱ्याला काहीतरी विचारतेय. योआना पट्ट्यात कपाळ ठेवून खालून सगळं बघत होती. तिला ना मराठी येत होती ना धड जर्मन, पण बघून जे कळायचं ते तिला कळलं असावं, कारण त्या दिवसानंतर ती पद्माकरला ओळख देईना. पद्माकरला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं आपल्याला पोटात घ्यावं. पण ती होल्झरची जमीन होती, तिला काकड्यांतून सवड नव्हती.

होल्झर ट्रॅक्टरवर चढला. नंदिनीनं कपाळ पट्ट्यात ठेवलं आणि विमान पुढं गेलं.

संध्याकाळी ती वर आली तेव्हा पद्माकर दारातच उभा होता. त्यानं चहा केला होता, तेल कोमट केलं होतं.

“नंदे, ते पत्र दुसऱ्या पानावर जात होतं,” तो म्हणाला. म्हणताना त्यालाच ते फालतू लागलं.

“मिळेल का रे नोकरी?” तिनं विचारलं.

“मिळेल असं वाटतंय. पण मी त्यांना खरं सांगतो. उद्या फोन करतो.”

“काय सांगणार? की पत्रात खोटं लिहिलं? मग नोकरी देतील?” ती पायरीवर बसून बूट काढत होती, चिखल वाळून बंद घट्ट बसले होते. “स्वानंदीची शाळा आहे. मुदत संपत आलीय. राहू दे.”

“तू रागाव तरी.”

“दमलेय मी,” ती म्हणाली. पद्माकरनं खाली बसून तिचा बूट ओढून काढला. तिनं ओढू दिला. पण मानेला तेल लावायला तो मागं गेला तर म्हणाली, आता नको, आता दुखत नाही.

सप्टेंबरात नोकरीचं पत्र आलं. ऑफिसानं परवान्याचं नवं कार्ड दिलं. नंदिनीनं शिरा केला, कराडला फोन झाले, सासूबाई म्हणाल्या, माझ्या पद्माच्या डोक्याला तोड नाही. नंदिनी फोन धरून हो हो म्हणाली. होल्झर आता अंगणात भेटला तर मान हलवायचा आणि पुढं जायचा. हेर इंजेनिअर म्हणत नव्हता. ती थट्टा आपल्याला एवढी हवीशी वाटेल असं पद्माकरला कधी वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात काकडीचे वेल वाळले, विमान पंख मिटून शेडमध्ये गेलं. रोमेनियन माणसं गावाला गेली. योआना जाताना एक पट्टा मागून घेऊन गेली. नंदिनीच्या बोटांवरचा काळपट हिरवा रंग अजून गेला नव्हता. एका रविवारी दुपारी ती पद्माकरच्या टेबलाशी आली आणि मोबाइल पुढं धरला. लांडाऊजवळच्याच एका वर्कशॉपला फिक्श्चर करणारं माणूस हवं होतं.

“मला पत्र लिहून देशील?” तिनं विचारलं.

“दे इकडं,” पद्माकर म्हणाला. त्याला एवढा हुरूप आला की तो उठून उभाच राहिला. ट्रंकेतली डिग्री काढू, मान्यतेचे कागद आजच भरू, टेबल परत खिडकीकडं घेऊ, सगळं तो एका दमात बोलला. तिला खुर्ची दिली, स्वतः स्टूल घेतलं. “हे बघ, एकच प्रसंग घ्यायचा. अडचण काय होती, तू काय केलंस, काय बदललं.”

तो बोलून गेला आणि थांबला. खाली अंगणात होल्झर पानं गोळा करत होता, खराट्याचा आवाज वर येत होता.

“पट्ट्यांचंच लिहू,” तो म्हणाला. “माझं काय व्हायचं ते होईल.”

“हे लोक एकमेकांना ओळखत असणार. दोन्ही पत्रं एका गावात फिरली तर? तुझं प्रोबेशन चालू आहे. सहा महिने कधीही घरी बसवतील.” तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. “भोसरीचं लिही.”

“बारा-तेरा वर्षं झाली त्याला.”

“आठवेल तेवढं सांगते.”

तिला फारसं आठवलं नाही. कुठल्याशा पंपाच्या झाकणासाठी केलेलं एक फिक्श्चर आठवलं, त्याची मापं आठवली नाहीत, त्यानं काय बदललं तेही आठवलं नाही. पद्माकर लिहीत गेला. कष्टाळू आलं, जबाबदारीची जाणीव आलं, आपल्या नामांकित कंपनीत आलं. अर्ध्या पानातच पत्र संपलं. खाली भरपूर जागा उरली होती. कुकरची शिट्टी झाली.

तपासायला स्वानंदी आली. पेन्सिल घेऊन टेबलाशी उभी राहून तिनं ते अर्धं पान वाचलं, उलटून मागं काही आहे का ते बघितलं, परत वाचलं.

“उंड दी गुर्केन?” तिनं आईला विचारलं. आणि काकड्यांचं?

“ते बाबांचं आहे,” नंदिनी म्हणाली आणि गॅस बंद करायला आत गेली.

पोरगीनं एकदा पद्माकरकडं बघितलं. मग खाली वाकून ती स्वल्पविराम दुरुस्त करायला लागली.